येतं की आवडतं

मुलगी गणितात हुशार आहे, असं बाईंना सांगितलेलं चालत नसे. त्या चष्मा कपाळावर सरकवत, समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहत आणि मग विचारत, "येतं की आवडतं?"

बहुतेक आईवडील इथे अडखळत. कोलकात्यातल्या आम्हा मराठी मंडळींत मूल बारावीच्या जवळ आलं की त्याला एकदा बाईंकडे नेऊन आणायची पद्धत होती. कोणी बँकेतलं, कोणी केंद्र सरकारच्या खात्यातलं, अलीकडे कोणी आयटी कंपन्यांतलं. सगळ्यांना वाटे, बाई एखाद्या कॉलेजचं नाव सांगतील आणि आपण सुटू. "दोन्ही," असं कोणी घाईने म्हटलं, तर बाई म्हणत, "दोन्ही असेल. पण आधी कोणतं? ज्याला येतं म्हणून आवडतं, त्याला कुठेही घाला, निभावेल. आवडतं म्हणून येतं, त्याचं कॉलेज जपून निवडावं लागतं."

"का हो बाई?" एका वडिलांनी माझ्यादेखत विचारलं होतं.

"त्याचं मोडू शकतं म्हणून."

बाई गेल्या. दुर्गापूजा होऊन गेल्यावर त्यांच्या पुतण्याचा फोन आला. तो बंगालीत बोलत होता. मला बंगाली चांगलं कळतं, तरी मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर बरेच दिवस मी बाईंविषयी कोणाशी बोलले नाही, कारण इथे रायपुरात त्यांना ओळखणारं माझ्याखेरीज आणि माझ्या नवऱ्याखेरीज कोणी नाही, आणि नवरा मुळात कमी बोलतो. म्हणून लिहिते आहे.

बालीगंजला एका गल्लीत बाईंचं दुमजली घर होतं. खाली त्या, वर आम्ही भाडेकरू. बाई मूळच्या अकोल्याच्या. गणितात संशोधन करायला कोलकात्याला आल्या, बरोबर शिकणाऱ्या एका बंगाली मुलाशी लग्न केलं, आणि निवृत्त होईपर्यंत मुलींच्या एका कॉलेजात शिकवत राहिल्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. मूलबाळ नाही. सासर बागबाजारचं. तिकडे त्यांना सुरुवातीला सगळे 'बर्गी बहू' म्हणत. बर्गी म्हणजे बंगालवर स्वाऱ्या करणारे आपले मराठे. अजूनही तिथल्या आया त्यांच्या नावाने मुलांना झोपवतात. "आपल्याला अडवायला ह्या लोकांनी बागबाजारपासून खंदक खणला होता," बाई सांगत, "आणि मी आले ती ट्रामने."

वरचा मजला त्या फक्त मराठी कुटुंबाला देत, आणि तेही बदलीवर आलेल्या. घरात कोणी मराठी बोलावं एवढीच अट होती. पण बदलीवर आलेला माणूस तीन-चार वर्षांत पुढच्या गावी जातो. म्हणजे बाईंनी आपल्याशी बोलणारी माणसं मुद्दाम अशीच निवडली होती, जी जाणार हे आधीपासून ठरलेलं. मी एकदा त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "राहणारी मराठी माणसं ह्या गल्लीत कुठून आणू? तू आणतेस का?"

भाडेकरू ठेवण्याआधी बाई परीक्षा घेत. आमची घेतली तेव्हा केतकी, माझी मुलगी, पंधरा वर्षांची होती. तिच्या शाळा भोपाळ, कोची आणि रांची अशा झालेल्या. मराठी घरापुरतं. बाईंनी तिला विचारलं, "एकोणसत्तर म्हणजे किती गं?"

"सेव्हन्टी नाइन," केतकी ठामपणे म्हणाली.

मी शरमेने मान खाली घातली. बाई मात्र पुढे सरसावून बसल्या. "कशावरून?"

"सत्तर ऐकू आलं. आणि एकोण म्हणजे नाइन असणार, कारण एकोणीसमध्ये पण नाइन असतो."

"चूक आहे," बाई आनंदाने म्हणाल्या. "पण काय सुंदर चूक आहे! कधी येताय राहायला?"

तिसऱ्या दिवशी आम्ही सामान हलवलं. केतकीने 'आजी' म्हणून हाक मारली तेव्हा बाईंनी तिला थांबवलं. "मी कोणाची आजी नाही. बाई म्हण."

बाईंचं सगळं आयुष्य बंगालीत आणि इंग्रजीत गेलं, पण आकडेमोड मराठीतच होई. भाजीवाल्यापुढे उभ्या राहून त्या पावकी, निमकी, औटकीचे पाढे पुटपुटत आणि तो बिचारा मंत्र समजून हात जोडे. चुरमुऱ्यांना त्या अकोल्याचं 'मुरमुरे' म्हणत, दुकानदार 'मुढी' म्हणे, आणि ते येताजाता खाण्याच्या एका बाबतीत विदर्भ आणि बंगाल यांचं पटतं असं त्यांचं मत होतं. मोबाइल त्यांच्याकडे होता, पण तो फ्रिजवर ठेवलेला असे. बाहेर जाताना नेत नसत. "फोन घराला घेतलाय, मला नाही."

मी वाचणारी. प्रत्येक बदलीत भांडी कमी केली, पुस्तकं नाही. बाई माझ्याकडून कादंबऱ्या नेत आणि आधी शेवटचं पान वाचत. मी कळवळून म्हटलं, "अहो बाई, मजाच गेली सगळी."

"काय सिद्ध करायचंय ते आधी कळल्याशिवाय मी पुढे वाचू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तू कशी वाचतेस? भीती नाही वाटत?"

केतकी खाली जाऊन बसू लागली ती पहिल्याच पावसाळ्यात. अभ्यासाला नव्हे, अभ्यास ती वर करी. खाली दोघी नुसत्या एखाद्या गणिताशी बसत. बाईंनी 'बरोबर' हा शब्द उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. उत्तर आलं की म्हणत, "बरं. आता दुसऱ्या वाटेने ये." केतकी चिडे. "बाई, आलं ना उत्तर!" "उत्तर आलं. पण तू कुठून आलीस ते मला दिसलं नाही." मग दोघी पुन्हा वाकत. मी वरून चहा घेऊन गेले तर दोघींनाही माझं तिथे असणं जाणवत नसे, आणि मला ते आवडे. केतकीला शाळेत मैत्रिणी टिकत नव्हत्या, कारण शाळाच टिकत नव्हत्या. बाईंकडे तिचं काहीतरी टिकलं.

बारावीचं वर्ष आलं आणि आमच्या घरात कॉलेजवरून ताण सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं होतं इंजिनिअरिंग. पुण्याजवळ एका ठिकाणी प्रवेश मिळण्यासारखा होता. "गणित आवडतं ना, मग तिथे गणितच असतं की," तो म्हणे. तो वाईट बोलत नव्हता. ज्याची दर तीन वर्षांनी बदली होते त्याला मुलीच्या पायाखाली पक्की जमीन हवी असते. आमची मुलं कुठल्याच राज्याची नसतात. जिथे जन्मली तिथे शिकली नाहीत, जिथे शिकली तिथली भाषा बोलत नाहीत, आणि प्रवेशाच्या वेळी प्रत्येक राज्य विचारतं, तुम्ही इथले का?

केतकी एकदाच म्हणाली, "मला नुसतं गणित करायचंय." आणि खाली गेली.

बाईंनी ठरवलं की कॉलेजं बघायची. माहितीपत्रकं त्यांनी हातात घेतली नाहीत. "स्थळ फोटोवरून पसंत करायचे दिवस गेले," म्हणाल्या. आम्ही तिघी निघत असू. बाईंच्या खांद्याला कापडी पिशवी, तीत थर्मास आणि मुरमुऱ्यांचा डबा. त्यांची बघायची रीत ठरलेली होती. आधी मुलींचं स्वच्छतागृह. मग वाचनालयातल्या खुर्च्या. ज्या कॉलेजातल्या खुर्च्यांवर अजून प्लॅस्टिक आहे तिथे पुढे बघायचं नाही. मग एखाद्या शिपायाला गाठून बंगालीत विचारायचं, संध्याकाळी सगळ्यांत शेवटी कोणते मास्तर घरी जातात? आणि शिपाई ज्यांचं नाव सांगेल त्यांना शोधून काढायचं.

शहराच्या पूर्वेला एक नवंकोरं कॉलेज होतं. काचेच्या खोलीत एक नीटनेटकी तरुण मुलगी आम्हाला प्लेसमेंटविषयी सांगू लागली. आमच्याकडून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला कुठे ना कुठे जागा मिळते, वगैरे. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाळ, हिला आधी आत तर येऊ दे. तू हिला बाहेर कुठे पाठवायचं तेच सांगते आहेस."

ती मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर त्यांनी डबा उघडला आणि आम्ही तिघींनी उभ्यानेच मुरमुरे खाल्ले.

मग उत्तरेकडचं एक जुनं, चांगलं नाव असलेलं कॉलेज. एस्प्लनेडहून मेट्रोने पुढे गेलो. स्वच्छतागृह बरं होतं, खुर्च्या झिजलेल्या होत्या, आणि शेवटी जाणारे मास्तर खरोखरच वर्गात होते. त्यांनी केतकीला मागे बसू दिलं. आम्ही दोघी दाराबाहेर बाकावर. आत त्यांनी काही विचारलं, वर्ग गप्प राहिला, आणि केतकीचा आवाज आला. "एक्सलंट!" मास्तर म्हणाले. पुन्हा काही विचारलं. पुन्हा केतकी. पुन्हा "एक्सलंट!"

मला आनंद झाला. बाईंकडे पाहिलं तर त्यांनी थर्मासचं झाकण लावून टाकलं होतं, चहा न पिताच.

परतताना केतकी पुढे चालत होती. बाई मला म्हणाल्या, "मला फार शाबासक्या मिळाल्या गं. अकोल्यात मिळाल्या, इथे मिळाल्या. नवरा तर माझं काही वाचायच्या आधीच वाहवा म्हणायचा. मी चुकते आहे असं मला कोणी सांगितलं नाही. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, बरीच वर्षं मी नवीन काही केलेलंच नाही." थोडं चालून म्हणाल्या, "नोकरी चांगली झाली. मुली अजून आठवण काढतात. तो भाग वेगळा."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

त्याच सुमारास नवऱ्याची रायपूरची बदली आली. आणि मग एक अशी व्यवस्था आपोआप जुळून आली की सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास सोडला. केतकीने त्या जुन्या कॉलेजात जावं आणि बाईंकडे राहावं. नवऱ्यालासुद्धा पटलं. "बाई असल्यावर काळजी नाही," तो म्हणाला. बाईंनी खालची मागची खोली रिकामी केली. आपल्या नवऱ्याची जुनी कपाटं पुतण्याकडे पाठवली, खिडकीपाशी टेबल आणवलं, मिस्त्रीकडून पंखा दुरुस्त करून घेतला. त्या दिवसांत त्या घरभर फिरताना गुणगुणत असत. त्यांना सूर नव्हता. त्याआधी मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणून कळलंही नव्हतं.

फक्त एक गोष्ट उरली होती. दक्षिणेकडे, एका मोठ्या शहराबाहेर, गणिताची एक लहान संस्था आहे. केतकीने तिथली प्रवेशपरीक्षा दिली होती. बाईंनीच द्यायला लावली होती. तिथेही तिची निवड झाली. तिथे आम्ही कोणी गेलेलो नव्हतो. ओळखीचं कोणी नाही, तिकडची भाषा येत नाही.

कळवायची मुदत जवळ आली तेव्हा एका रविवारी दुपारी आम्ही तिघं खाली गेलो. जेवणं झाली. नवरा म्हणाला, "बाई, आता तुम्ही सांगाल तसं."

बाईंना कशावर मत नाही असं कधी झालं नव्हतं. इलिश मासा कोणत्या बाजारातून घ्यावा इथपासून मेट्रोचा बोगदा कुठे चुकला इथपर्यंत त्या सांगत. त्या वेळी त्यांनी ताटाभोवतीची शितं बोटाने गोळा केली आणि म्हणाल्या, "मी सांगणार नाही."

"म्हणजे?"

"मला ती इथे हवी आहे." त्या माझ्या नवऱ्याकडे पाहून बोलत होत्या, केतकीकडे नाही. "आठवडाभर मी पुन्हा पुन्हा बघते आहे. जुन्या कॉलेजच्या बाजूने मी जे जे मुद्दे काढते, त्या प्रत्येकाच्या शेवटी मागची खोली येते. असल्या माणसाने कॉलेज सुचवू नये. मला वगळा."

केतकी म्हणाली, "मग मी राहते ना, बाई. मला चालेल."

बाई इतक्या रागावलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "चालेल? हे काय उत्तर आहे? परीक्षकाला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं उत्तर आहे हे! ऊठ. वर जा. बाई नाहीत असं धर आणि पुन्हा सोडव."

केतकी रडवेली होऊन वर गेली. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. हात वाळले. नवऱ्याने काहीतरी बोलायचं म्हणून पंख्याच्या मिस्त्रीचं नाव विचारलं आणि बाईंनी ते सांगितलं.

केतकी खाली आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. "तिकडे," ती म्हणाली.

"कारण?"

"त्यांच्या पेपरातली निम्मी गणितं मला सुटली नाहीत. ती अजून डोक्यात आहेत. ती ज्याला सुटली असतील ना, तो मला बघायचाय."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि ताटं उचलून स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. ताटं फक्त चार होती.

हावड्याला त्या पोचवायला आल्या नाहीत. फाटकापाशी केतकीने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी डबा दिला आणि विचारलं, "एकोणसत्तर?"

"सिक्स्टी नाइन," केतकी म्हणाली.

"गेली मजा," बाई म्हणाल्या.

आम्ही रायपूरला आलो. तिकडे केतकीचं पहिलं सत्र वाईट गेलं. एका विषयात ती नापास झाली. आयुष्यात पहिल्यांदा. फोनवर नुसती रडत होती. आई, मला काही येत नाही, इथे सगळ्यांना येतं. नवरा मला काही बोलला नाही, पण पुण्याचं कॉलेज त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हं. ते कॉलेज आपण बघितलं नाही, नाही का?"

आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाई एकट्या रेल्वेने निघाल्या. पुतण्याने मला फोन करून आरडाओरडा केला. मी तरी काय करणार होते? मोबाइल अर्थातच फ्रिजवर होता. त्या पोचल्या, संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरल्या, एवढं केतकीने कळवलं; पुढचं त्या परत घरी येईपर्यंत आम्हाला कळलं नाही. घरी आल्यावर त्यांनी मला फोन केला.

"चांगलं आहे गं कॉलेज."

"खुर्च्या बघितल्या?" मी विचारलं.

"नाही. काहीच बघितलं नाही. दुपारी व्हरांड्यात बसले होते. केतकी समोर होती, मला काहीतरी सांगत होती. तेवढ्यात एक मुलगा आला, बारकासा, चप्पल तुटलेला. म्हणाला, तुझं कालचं चुकलंय. ही म्हणाली, नाही चुकलं. भिंतीला फळा होताच. दोघं लागले. आणखी एक मुलगी आली. अगं काय भांडत होते! केतकी त्याच्या हातातून खडू ओढून घेत होती. तासभर मी बसले. मग माझ्या गाडीची वेळ झाली, म्हणून निघाले."

"म्हणजे, निघताना भेटली नाही ती तुम्हाला?"

"तिला कुठे ठाऊक होतं मी बसले आहे ते. विसरली होती. मी हाक मारली असती तर वळली असती ना." मग त्या म्हणाल्या, "एवढं चांगलं कॉलेज मी नव्हतं बघितलं."

मी विचारलं, गाडीत जेवलात का? त्या म्हणाल्या, मुरमुरे होते.

त्याच वर्षी पूजेनंतर त्या गेल्या. केतकीला मी कळवलं तेव्हा ती फोनवर रडली नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा एका दुपारी माझ्या शेजारी येऊन बसली आणि आपण होऊन बोलू लागली.

त्या दिवशी भांडण संपल्यावर ती मागे वळली तर बाक रिकामा होता. ती फाटकापर्यंत पळत गेली. पहारेकरी म्हणाला, पाटी अम्मा, म्हणजे आजीबाई, ऑटोने गेल्या. बाईंना फोन लागायचा प्रश्नच नव्हता. बाई घरी पोचायच्या दिवशी तिने सकाळपासून नंबर फिरवला. लागला तेव्हा तिला आधी माफी मागायची होती. मनाशी तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. बाईंनी तिला ती बोलू दिली नाहीत.

"ते राहू दे. आधी सांग, कोण बरोबर होतं?"

"तो," केतकी म्हणाली. "माझंच चुकलं होतं, बाई. अगदी सुरुवातीलाच."

गल्लीतून जाणाऱ्या फेरीवाल्याची आरोळी तेवढी फोनमधून ऐकू येत होती. केतकीला वाटलं, बाई रागावल्या.

मग बाई म्हणाल्या, "त्याच्या शेजारी बसत जा."